आबांनी न केलेली पेटी

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि. लिहायची रीत आहे, पण तुला मी आजवर कधी विनंती केली नाही आणि विशेष असं तुझ्यापासून काही लपलेलंही नाही. आबा गेल्याचं फोनवर कळवलं तेव्हा धड बोलता आलं नाही, मागे माणसं होती. म्हणून हे पत्र.

98 वर्षं जगले. भेटायला येणारा प्रत्येक जण भिंतीवरच्या गणवेशातल्या फोटोकडे बघून तेच म्हणायचा, "महायुद्ध लढलेला माणूस!" मला मनातून चीड यायची. फौजेत होते ते 1939 ते 1946, अवघी सात वर्षं. पंधरा वर्षं भरली नाहीत, त्यामुळे पेन्शनही नव्हती. पुढे जवळजवळ सत्तर वर्षं रंधा मारला, त्याचं कुणी नावच काढेना. आमचं घर उभं राहिलं ते बैलगाडीच्या चाकांवर.

चाकाला धाव, म्हणजे बाहेरची लोखंडी पट्टी, चढवायचा दिवस तुला आठवत असेल. गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी धाव लालबुंद व्हायची. चौघे जण ती उचलून चाकावर बसवायचे आणि लाकूड पेट घेतंय न घेतंय तोच पाणी ओतायचे. आपण लांब पळायचो. आबा मात्र त्या वाफेत कान देऊन उभे. धाव आकसायला लागली की आरे तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडी गड्ड्यात, करकरत घट्ट होत जायचे. तो आवाज थांबला की आबा म्हणायचे, "बसलं." पुढे टायरच्या गाड्या आल्या, मग ट्रॅक्टर, आणि चाकांचं काम संपलं. आबा कुरकुर न करता दारं-खिडक्यांकडे वळले. (कुरकुर केली, पण फक्त आजीपाशी.)

आणि हाच माणूस आपल्याला पेनं ठेवायला एक साधी पेटी करून देईना! चौथीत आपण दोघं दोन दिवस त्यांच्या मागे लागलो होतो. पायाशी सागाचे तुकडे पडलेले होते, तरी एकच उत्तर, "भोवरा मागा, विटीदांडू मागा. पेटी नाही." तू बाहेर येऊन म्हणालास, "म्हातारा कंजूष आहे." मी तुझ्याशी भांडलो नाही, कारण मलाही तसंच वाटलं होतं.

खरं कारण मला 2011 साली कळलं. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याने तसंही फारसं दिसत नव्हतं. रात्री मी उशाशी बसलो होतो आणि ते आपणहून बोलायला लागले.

खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या पलटणीत, ते सुतार म्हणूनच भरती झाले, हे तुला माहीत आहे. कंपनी 21 नंबरची, म्हणजे प्रेमिंद्रसिंग भगतांची. 1941च्या सुरुवातीला अबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, भगतसाहेबांनी चार दिवसांत 55 मैल रस्त्यावरचे 15 सुरुंगपट्टे साफ केले. गाडी उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी ते थांबले नाहीत. त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वांत मोठं शौर्यपदक, मिळालं. ही गोष्ट आम्हाला पाठ होती. इटलीचं मात्र त्यांनी कधीच काही सांगितलं नव्हतं.

ते सांगत होते ते 1944 सालचं, इटलीतल्या कॅसिनो गावाच्या बाजूचं. लोखंडी सुरुंग असला की शोधायचं यंत्र आवाज करायचं. जर्मनांनी मग लाकडी पेटीतले सुरुंग काढले. आत पाव किलोलाही कमी दारू, वर झाकण. झाकणावर पाय पडला की आतली पिन सटकायची आणि पाऊल जायचं. त्यापुढे यंत्र मुकं. मग पोटावर पडून, संगीन तिरकी खुपसत, बोटांनी माती चाचपत पुढे सरकायचं.

"पहिली पेटी हातात आली," आबा म्हणाले, "आणि मी आधी काय बघावं? सांधा बघितला. कडा घासल्या नव्हत्या, पण माप चोख होतं. म्हटलं, तिकडेही कुणी सुतारच बसला असेल. त्याला सांगितलं असेल, आज एवढ्या कर." मग बराच वेळ गप्प. "त्याच संध्याकाळी आमच्यातल्या एकाचा पाय गेला. तोही सुतारच."

बोलताना त्यांची बोटं चादरीवरून हळूहळू फिरत होती. रंधा मारलेल्या फळीवरून ते डोळे मिटून तशीच बोटं फिरवायचे. आपण त्याची नक्कल करून हसायचो, आठवतंय?

एरवी ते लढाईतलं एकच वाक्य घरात वापरायचे. तिकडे पूल उभारायचे ना, त्याचं एकेक पॅनेल 570 पौंडांचं, उचलायला सहा माणसं लागायची. घरात काही मोठं निघालं की आबा म्हणायचे, "हे सहा जणांचं ओझं आहे, एकट्याने उचलू नका." काका कर्जात बुडाला तेव्हाही हेच म्हणाले आणि सगळ्या भावंडांना एका ओळीत बसवलं. आजीच्या शेवटच्या दुखण्यात मात्र त्यांनी कुणालाच जवळ येऊ दिलं नाही. दोन वर्षं ती अंथरुणात होती. तिची वेणी तेच घालायचे, आणि पेड एकसारखे पडले नाहीत तर सोडून पुन्हा घालायचे. तिथे ते सहा जणांचं ओझं विसरले, असं मी त्यांना एकदा बोललोही होतो. उत्तर दिलं नाही.

काल त्यांची हत्यारं काढली. सगळी गोणपाटात गुंडाळून सुतळीने बांधलेली. लहानपणापासून बघतोय, पण कधी मनात आलं नाही की इतर सुतारांकडे हत्यारांची पेटी असते.

तुझ्यासाठी लहान रंधा बाजूला काढून ठेवलाय. पात्याला गंज चढलाय, दगडावर घासावं लागेल. सुट्टी मिळाली की ये आणि घेऊन जा.

तुझाच