सीटी नॉर्मल म्हणजे मेंदू ठीक, असे नव्हे

महोदय,

सुगी आटोपली की आमच्या भागात गावोगावी कबड्डीचे सामने आणि शंकरपट (बैलजोड्यांच्या शर्यती) सुरू होतात आणि ग्रामीण रुग्णालयात डोक्याला मार लागलेली पोरे येऊ लागतात. दुचाकीवरून पडलेले तर बारा महिने येतात. त्यांना बहुधा प्रथम तपासतो तो आंतरवासिता (इंटर्नशिप) करणारा नवा डॉक्टर. टाके घालणे, धनुर्वाताचे इंजेक्शन देणे, बेशुद्ध रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवणे हे त्याला येते. मात्र शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या मेंदूला बसलेला हादरा, म्हणजेच कन्कशन, ओळखायला त्याला कोणी नीट शिकवलेले नसते, असा माझा अनुभव आहे.

पकडीत डोके आपटलेला नववीतला एक मुलगा आपल्या पायांनी चालत आला होता. नाव, गाव त्याने बरोबर सांगितले, पण ‘काका, कोन जितलं?’ हे तो उत्तर मिळूनही पुन्हा पुन्हा विचारत होता. सीटी स्कॅन नॉर्मल आला, ‘काही नाही’ म्हणून त्याला घरी पाठवले गेले आणि पुढे वर्गात फळ्याकडे पाहिले की डोके ठणकते म्हणणाऱ्या या मुलाला घरच्यांनी अभ्यासचुकार ठरवले. वास्तविक कन्कशनमध्ये बहुतेकदा शुद्ध हरपतही नाही आणि सीटीही स्वच्छ असतो, कारण बिघाड मेंदूच्या कामात असतो. सीटी प्रामुख्याने रक्तस्राव आणि हाडाचा तडा दाखवतो. निदान होते ते रुग्णाशी बोलून, त्याची स्मरणशक्ती व तोल तपासून. त्याला दहा मिनिटे आणि सराव लागतो, यंत्र लागत नाही.

उपचारही जुन्या समजुतीप्रमाणे शिकवून चालणार नाही. आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवणे आता योग्य मानले जात नाही; २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती (म्हणजे पूर्ण निजून न राहता हलकी हालचाल चालू ठेवून), मग हळूहळू चालणे-फिरणे, शाळा आणि सर्वांत शेवटी खेळ, हा क्रम आहे. त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरणे तर सर्वथा वर्ज्य, कारण सावरत असलेल्या मेंदूला दुसरा मार क्वचित जिवावरही बेततो. आंतरराष्ट्रीय क्रिकेटने २०१९ पासून कन्कशन झालेल्या खेळाडूसाठी बदली खेळाडूची सोय केली. आमच्या गावच्या सामन्यात मात्र डोक्यावर पाणी मारून पोराला पुन्हा चढाईला पाठवतात.

म्हणून नागपूर, यवतमाळ, अकोला येथील शासकीय महाविद्यालयांनी व सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेने आंतरवासितेतच कन्कशनची ही तपासणी प्रत्यक्ष रुग्णावर करून घ्यावी आणि घरी सोडताना नातेवाइकांना मराठीत लेखी सूचना देण्याची सवय लावावी. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, जागे करूनही न उतरणारी गुंगी, झटके किंवा हातापायांतली कमजोरी दिसल्यास रात्र असली तरी थांबू नका, १०८ ला फोन करा, एवढे त्या कागदावर ठळक लिहिलेले असावे.

— एक वैद्यकीय अधिकारी, जि. यवतमाळ