धावडांच्या भट्ट्यांची नोंद व्हावी

महोदय,
महाबळेश्वरला येणारा पर्यटक पॉइंट पाहतो, स्ट्रॉबेरी घेतो आणि परततो. त्याच्या पायाखालच्या तांबड्या जांभ्यातल्या खनिजापासून इथल्या धावड समाजाचे लोक लोखंड काढत असत, हे त्याला कोण सांगणार?

मातीची भट्टी, आत खनिज आणि लाकडी कोळसा, खालून भात्याचा वारा. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस तापमान लागते. अशी भट्टी तेवढी तापत नाही. तरीही जळत्या कोळशाचा वायू खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो, कीट, म्हणजे खनिजातला टाकाऊ मळ, पातळ होऊन वाहतो आणि स्पंजासारखा सच्छिद्र गोळा मागे राहतो. तो लालबुंद असतानाच घणाखाली घालायचा आणि उरलासुरला कीट ठोकून बाहेर काढायचा. न वितळवता लोखंड शुद्ध करणाऱ्या या विद्येला कोणी अडाणी म्हटले तर मला राग येतो.

इंग्रजी अमलात जंगलावर बंधने आली, कोळसा मिळेना. त्यात विलायती स्वस्त लोखंड आले. भट्ट्या विझल्या.

१९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या लोखंडी नांगराचा आपल्याला अभिमान आहे, तो असावाच. पण धावडांनाही त्यांचा मान मिळायला हवा. रानात काळपट, जड, बुडबुड्यांची भोके असलेला दगड दिसला, तर तो या भट्ट्यांचा कीट असू शकतो. रस्त्याच्या भरावात तो गडप होण्याआधी पुरातत्त्व विभागाने अशा जागा नोंदवाव्यात, साताऱ्याच्या संग्रहालयात नमुने मांडावेत आणि धावड कुटुंबांतल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात.

– एक वाचक, वाई (जि. सातारा)