शाळेतल्या दवाखान्याची किल्ली कुणाकडे?

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

शाळाशाळांत दवाखाने काढायचं आपल्या मनात आहे असं कळलं. आनंद आहे, पण फीत कापण्याआधी शिक्षक म्हणून थोडं बोलतो.

आमच्या शाळेत ‘आरोग्य कक्ष’ आहेच. दारावर पाटी, आत खाट, वजनकाटा आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलाला दम लागला. त्याचा पंप तिथल्याच कपाटात होता. कपाटाला कुलूप, आणि किल्लीवाल्या बाई रजेवर. शेवटी कुलूप फोडलं. पोरगं सावरलं, पण त्याचे निळसर ओठ मला अजून दिसतात.

खोली कुठेही निघते हो, तिथे रोज बसणारं माणूस हवं. न्यूयॉर्कमध्ये पूर्वी डॉक्टर शाळांत येऊन डोळे आलेली, खरूज झालेली, उवा असलेली मुलं हुडकत आणि घरी धाडत. पुढचे उपचार कोण करणार, हे कुणीच बघत नसे. १९०२ साली लीना रॉजर्स या परिचारिकेला चार शाळा दिल्या. ती शाळेतच मलमपट्टी करी, घरी जाऊन आईला समजावून सांगे. ते जमतंय म्हटल्यावर आणखी परिचारिका नेमल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये शहरात साडेदहा हजारांवर मुलं घरी पाठवली होती. पुढच्या सप्टेंबरात अकराशेच्या आसपास.

आपल्या वार्षिक तपासणीत नेमका हाच मधला दुवा तुटलेला असतो. कार्डावर शेरा येतो, ‘चष्मा आवश्यक’. पुढच्या वर्षी तेच कार्ड, तोच शेरा, आणि मुलगी अजून शेजारणीच्या वहीतून उतरवून घेतेय. पालकांना दोनदा फोन करून चष्मा नाकावर येईपर्यंत पाठपुरावा करणं हे कुणाचं तरी नेमून दिलेलं काम असलं पाहिजे. ते कृपा करून आम्हा शिक्षकांच्या गळ्यात मारू नका. आम्हाला औषधातलं कळत नाही आणि वेळही नाही.

आणखी एक. खोलीला पडदा आणि आतून कडी हवी. पाळीच्या दुखण्याबद्दल चौदा वर्षांची मुलगी येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर बोलणार नाही. तिचे कागद वर्गशिक्षकाच्या हाती पडता कामा नयेत. माझ्यासुद्धा.

तेव्हा आधी परिचारिकेचं पद मंजूर करा, रजेवर गेली तर बदली कोण येणार तेही लिहून ठेवा, खाटा मागाहून घेता येतील.

आमच्या कपाटाला आता नवं कुलूप आहे. किल्ली पुन्हा एकाच बाईंकडे आहे.

आपला,
एक शिक्षक