यंदाच्या हापूसच्या विक्रीविषयी आई-बाबांना

पुणे

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

परवा फोनवर बाबांनी सांगितले की यंदा मोहोर उशिरा आला असला तरी वरच्या वाडीतल्या कलमांवर तो चांगला धरला आहे. त्याच बोलण्यात त्यांनी विचारले, की मोबाइलवरून आंबा विकायचा म्हणजे नेमके करायचे तरी काय. फोनवर एकातून दुसरे निघते आणि मूळ मुद्दा राहून जातो, म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते. वाशीच्या घाऊक बाजारात माल घालणे बंद करा, असे माझे म्हणणे नाही. एप्रिलच्या अखेरीस उन्हाचा कडाका वाढतो आणि फळ एकदम तयार होते, तेव्हा तो सगळा माल घरून विकणे आपल्याला झेपणार नाही, आणि दलालाशी बाबांचे इतक्या वर्षांचे संबंध तोडण्याचेही काही कारण नाही. परंतु वाशीहून जी पट्टी, म्हणजे दलालाचा हिशेबाचा कागद, येते, तिच्यात भाव असतो, हमाली, तोलाई आणि गाडीभाडे असते. तो आंबा शेवटी कोणाच्या घरी गेला आणि त्यांना तो कसा लागला, हे मात्र आपल्याला कधीच कळत नाही. त्याच बाजारात परराज्यातला आंबाही आपल्या देवगडचे नाव छापलेल्या खोक्यातून विकला जातो. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्याच मालाला ते नाव लावण्याचा हक्क, मिळाले, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे त्यात आले, तरीही पुण्यातल्या रस्त्यावर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला खरे-खोटे ओळखता येत नाही. बागायतदार ओळखीचा असेल तरच त्याला खात्री वाटते. म्हणून ही नवी साधने आपण एवढ्याचसाठी वापरायची, की घेणाऱ्याला आपली वाडी माहीत व्हावी आणि एकदा घेतलेला माणूस पुढच्या वर्षी आपणहून विचारत यावा. लाखो अनोळखी लोकांपुढे जाहिरात करण्याची आपल्याला गरज नाही, कारण तितका आंबाच आपल्याकडे नाही.

यासाठी लागणारी सर्वांत मोलाची वस्तू आपल्या घरात आधीच आहे, ती म्हणजे बाबांची निळी वही. तिच्यात पुण्या-मुंबईच्या आणि कोल्हापूरच्या जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते आहेत, आणि समोर बाबांच्या अक्षरात ‘अक्षय्यतृतीयेआधी दोन पेट्या’, ‘फळ मध्यम, फार मोठे नको’, ‘तिसरा मजला, माणूस वर पाठवावा’ अशा नोंदी आहेत. मोठमोठ्या कंपन्या गिऱ्हाइकाविषयी अशी माहिती मिळवण्यासाठी पैसे मोजतात. ही वही मोबाइलमध्ये उतरवणे हे आपले पहिले काम. त्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप घ्यायचे. ते फुकट आहे आणि दिसायला नेहमीच्या व्हॉट्सॲपसारखेच आहे. मात्र एकाच नंबरवर दोन्ही चालत नाहीत, म्हणून वाडीसाठी एक वेगळे सिमकार्ड घ्यावे, म्हणजे नातेवाइकांचे निरोप आणि आंब्याच्या मागण्या एकमेकांत मिसळणार नाहीत. त्या ॲपमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाला लेबल लावता येते: ‘मागणी आली’, ‘पैसे आले’, ‘पेटी रवाना’. बाबा आज वहीत ज्या खुणा करतात, त्याच या. कॅटलॉग म्हणून एक भाग असतो, त्यात पेटीचा फोटो, किती डझन, फळाचे साधारण वजन आणि भाव लिहून ठेवता येतो, म्हणजे तीच माहिती दहा जणांना दहा वेळा टंकावी लागत नाही.

सगळ्यांना एकदम निरोप पाठवायचा असेल तर ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये एकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, लोक सुप्रभातचे फोटो टाकू लागतात, आणि एखाद्याची पेटी उशिरा पोहोचली की त्याची तक्रार सगळ्यांपुढे वाढत जाते. त्याऐवजी ब्रॉडकास्ट यादी करायची. तिच्यात निरोप एकच असला तरी प्रत्येकाला तो स्वतंत्रपणे मिळतो. एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या मोबाइलमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो निरोप पोहोचतो. म्हणून नवा नंबर घेतल्यावर बाबांनी वहीतल्या प्रत्येकाला एकदा स्वतः फोन करावा, खुशाली विचारावी आणि नंबर जतन करून ठेवायला सांगावे. हे काम कोणत्याही ॲपला बाबांच्या आवाजाइतके जमणार नाही.

हे आपल्याला जमेल का, ही शंका तुम्हा दोघांना असेल, तर २०२० चा हंगाम आठवावा. टाळेबंदीत बाजाराची घडी विस्कटली होती आणि आंबा तर झाडावर थांबत नाही. तेव्हा कितीतरी बागायतदारांनी पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांतून व्हॉट्सॲपवर मागण्या घेऊन टेम्पोने पेट्या थेट फाटकापर्यंत पोहोचवल्या. ते सगळे आपल्यासारखेच लोक होते. त्यांतल्या ज्यांनी त्या वर्षीची नावे जपून ठेवली आणि पुढच्या हंगामात स्वतःहून निरोप पाठवला, त्यांची थेट विक्री टिकली. ज्यांनी ती सोय तेवढ्यापुरती मानली, त्यांची गिऱ्हाइके पुन्हा कोपऱ्यावरच्या गाडीकडे गेली.

आता निरोपात लिहायचे काय, याविषयी माझे मत थोडे ठाम आहे. ‘अस्सल’, ‘एक नंबर’, ‘ऑफर संपण्यापूर्वी त्वरा करा’ हे शब्द आपण वापरायचे नाहीत. त्याऐवजी वाडीत जे घडते आहे ते जसेच्या तसे दाखवायचे. मोहोराचा फोटो आज पाठवावा, फळ सुपारीएवढे झाले की दुसरा, आणि फुलकिड्याने किंवा अवकाळी पावसाने नुकसान केले तर तेही लिहावे. फळ कमी आहे म्हणून भाव वाढला, हे कारण आधी कळलेले असले की भावावरून घासाघीस होत नाही. तोडणीच्या दिवशी झेल्यात, म्हणजे काठीला बांधलेल्या जाळीत, आंबा कसा उतरतो, तो चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार झाल्यावरच देठासकट का काढतात, देठ तुटला तर चीक सालीवर उतरून डाग कसा पडतो, आणि मग गवताच्या आढीत तो हळूहळू कसा पिकतो, हे आपल्याला रोजचे वाटते. शहरातल्या माणसाने ते कधी पाहिलेले नसते. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यास कायद्याने बंदी आहे हे पुष्कळांना माहीत असते, पण आपल्या घरात आलेला आंबा कसा पिकवला आहे हे त्यांना कोणी दाखवत नाही. आपण आढीचा फोटो दाखवू शकतो.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागेल ती साक्याच्या बाबतीत. बाहेरून फळ सोन्यासारखे पिवळे दिसते आणि कापल्यावर आत पांढुरका, स्पंजासारखा गर निघतो; तो कापल्याशिवाय ओळखता येत नाही, हे आपण जाणतो, गिऱ्हाईक जाणत नाही. त्याला वाटते की आपण खराब माल दिला. मे महिन्यात कोणीतरी कापलेल्या फोडीचा फोटो पाठवील, बहुधा रागाने, आणि त्या क्षणी आपण काय उत्तर देतो यावर ते घर आपले राहते की जाते हे ठरेल. म्हणून पेटीबरोबर एक छोटी चिठ्ठी घालावी: हापूसमध्ये साका हा दोष क्वचित निघतो, तसे फळ निघाल्यास फोटो पाठवावा, तितकी फळे पुढच्या पेटीत जास्त घालू किंवा त्यांचे पैसे परत करू. फोटो आला की वाद घालायचा नाही, खोलात चौकशी करायची नाही, त्याच दिवशी उत्तर द्यायचे. एखादा माणूस याचा गैरफायदा घेईलही. तरीही एका डझनाच्या किमतीत आपला शब्द राखला जातो, आणि तोच माणूस आपल्या शेजाऱ्यांना आपले नाव सांगतो.

देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर लावायचे जे युआयडी, म्हणजे स्वतंत्र ओळखक्रमांकाचे, स्टिकर आणले आहेत, त्यांविषयी बाबांनी संस्थेत जाऊन जरूर विचारावे. स्टिकर बागायतदाराच्या झाडांच्या संख्येप्रमाणे मिळतात, त्यामुळे बाहेरचा माल देवगडच्या नावाने खपवणे अवघड होते, आणि गिऱ्हाइकाला आपल्या मोबाइलवरून फळाची खातरजमा करता येते. एकेका फळावर स्टिकर लावण्याचा त्रास आहे, हे मला समजते. पण ज्याला आपण कधी भेटलो नाही, त्याच्यासाठी आपल्या बोलण्याला यासारखा दुसरा पुरावा नाही.

गूगलच्या नकाशावर वाडीची नोंद मी इथून सुरू करीन. खात्रीसाठी कदाचित वाडीचा व्हिडिओ काढून द्यावा लागेल, तेव्हा शेजारच्या काकांच्या मुलाची मदत घ्यावी. कुणकेश्वरला आणि विजयदुर्गला येणारे कितीतरी लोक एप्रिल-मेमध्ये मोबाइलवर ‘जवळपास आंबे’ शोधतात आणि हमरस्त्यावरच्या पहिल्या मांडवात थांबतात. आपली वाडी नकाशावर दिसली आणि तिच्याखाली जुन्या गिऱ्हाइकांनी चार ओळी लिहिल्या, तर त्यांतले काही जण आत वळतील.

इन्स्टाग्राम मी यंदा दुय्यम मानते. आई, तुला मात्र ते आवडेल असे मला वाटते. तू आंबापोळी ताटात पसरतेस, उन्हात सुकवतेस, थरावर थर देतेस, ते अर्ध्या मिनिटात चित्रित करून तू मालवणीतच बोल. प्रमाण मराठी बोलण्याचा प्रयत्न करू नकोस. मुंबईत राहणाऱ्या कोकणी माणसाला ते ऐकून आपल्या घरची आठवण होईल. फक्त आंबापोळी आणि कोकम सरबत विकायचे असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी करून तिचा चौदा अंकी क्रमांक, वजन आणि तारीख लेबलवर छापावी लागेल. तो अर्ज मी ऑनलाइन भरते. पैसे देऊन जाहिरात करायचा विचार, वहीतली सगळी माणसे परत जोडली जाईपर्यंत नको.

पैशांच्या बाबतीत कृपा करून माझे ऐका. यूपीआयचा क्यूआर कोड बाबांच्या बँक खात्याचाच असावा, म्हणजे पैसे देणाऱ्याला त्यांचेच नाव दिसेल. पैसे घेताना पिन कधीही टाकावा लागत नाही आणि कोणताही कोड स्कॅन करावा लागत नाही. ‘मी लष्करात अधिकारी आहे, पन्नास पेट्या हव्यात, आगाऊ पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ असा फोन आला तर तो लबाडीचा आहे असे समजून बंद करावा. कोणी पैसे भरल्याचा फोटो पाठवला तरी बँकेचा संदेश किंवा खात्यातली शिल्लक पाहिल्याशिवाय पेटी हलवू नये. चुकून काही झालेच, तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा आणि मग मला.

आणखी एक. जितक्या पेट्या आढीत तयार असतील तितक्याच मागण्या घ्याव्यात. उरलेल्यांना ‘पुढच्या आठवड्यात कळवतो’ असे लिहावे आणि खरोखरच कळवावे. बाबा, थेट विक्रीसाठी पहिल्या वर्षी वरच्या वाडीतले फळ ठेवावे आणि बाकीचे नेहमीप्रमाणे वाशीला जावे, असे मला वाटते. तुमचा अनुभव वेगळे सांगत असेल तर तसे कळवा. वाडी तुमची आहे आणि अंतिम निर्णय तुमचाच राहील.

मी महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या यात्रेसाठी येते आहे. तोवर आईने वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून मला पाठवावा, आणि जी माणसे आता हयात नाहीत किंवा घर बदलून गेली आहेत, त्यांच्या नावापुढे बाबांनी खूण करावी. नवे सिमकार्ड घेताना आधारकार्ड बरोबर न्यायला विसरू नका. बाबांच्या गुडघ्याचे कसे आहे, तेही लिहा.

तुमची लेक