आवाहन : माळ्यावरच्या कॅसेटी खाली काढा

सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आहे, म्हणून प्रस्तावना न करता लिहितो. आखातात गेलेली माणसं आणि बडोद्यातली घरची मंडळी पत्राऐवजी आवाज भरून एकमेकांना कॅसेटी पाठवत. त्या कॅसेटी जमवून आपलं मंडळ प्रदर्शन मांडतंय, त्यासाठी हे आवाहन. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा माणसं आणि सामान वाचवण्यापलीकडे कुणाला काही सुचलं नाही, आणि ते साहजिकच होतं. पण पाणी ओसरल्यावर चिखलाबरोबर जे बाहेर फेकलं गेलं, त्यात कॅसेटींचे खोकेही होते. असा एक खोका आपल्या कार्यकर्त्यांनी कचऱ्याच्या ट्रॉलीतून परत आणला. एका कॅसेटवर बॉलपेनने लिहिलं होतं, ‘आईस. कुवेत. दिवाळी.’

ती कॅसेट उघडून, फीत डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, सावलीत वाळवून दुसऱ्या कॅसेटच्या कवचात बसवली. मुलगा बोलतोय, मागे एसीची घरघर, आणि खोलीतलं दुसरं कुणी मध्येच म्हणतं, “काकूंना माझाही नमस्कार सांग रे.” त्याच घरून मिळालेली दुसरी कॅसेट मात्र पाठवायचीच राहून गेली होती. कुवेत लांब म्हणून तिच्यात आजी ओरडून बोलतात. झोपाळ्याची कडी करकरते, कुणीतरी दटावतं, “बोला, बोला, टेप फिरतेय,” आणि आजी तुरीच्या डाळीचा भाव सांगतात, शेजारच्या लग्नातल्या मानापमानाची हकिगत सांगतात. कॅसेट मुळात अभंगांची. मूळ गाणी पुसली जाऊ नयेत म्हणून ठेवलेल्या पाठीमागच्या खाचेवर चिकटपट्टी लावून वरून रेकॉर्डिंग केलेलं. आजींचं बोलणं संपतं आणि पुढे अर्धवट अंतरा लागतो. कार्यकारिणीच्या बैठकीत हे ऐकवलं, त्यानंतर त्या दिवशीचे बाकीचे विषय घेताच आले नाहीत.

नव्या पिढीसाठी एवढंच सांगतो. फिलिप्सने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ही कॅसेट आणली. १९६५ मध्ये आपली कोयलीची रिफायनरी सुरू झाली, आणि तिथे हात बसलेले फिटर, वेल्डर, इंजिनियर पुढे आखातात गेले. ट्रंक कॉलची (एक्स्चेंजमधून जोडून मिळणाऱ्या लांबच्या फोनची) तीन मिनिटं “ऐकू येतंय का?” यातच जायची. साठ मिनिटांची कॅसेट मात्र सुट्टीवर येणाऱ्याच्या बॅगेत चिवड्याच्या पुड्याशेजारी बसायची, आणि ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनाही पोटभर बोलता यायचं. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. त्यानंतर जे हातात येईल ते घेऊन परतले, त्यांच्याकडे बडोद्याहून गेलेल्या कॅसेटी तिकडेच राहिल्या. आपल्या हाती बहुतेक संवादांची एकच बाजू आहे.

ब्रिटनमध्ये वाजिद यासीन या ध्वनिकलावंताने पाकिस्तानातून तिकडे गेलेल्या कुटुंबांच्या अशाच कॅसेटी ‘टेप लेटर्स’ या नावाने जमवल्या, त्यांची प्रदर्शनं मांडली. त्या कामाविषयी वाचल्यावर युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्समध्ये शिकलेली आपल्याच दांडिया बाजारातली एक मुलगी मंडळात आली. तिची कल्पना अशी : आपल्या हॉलमध्ये चार झोपाळे, फरसाणाच्या रिकाम्या डब्यांत बसवलेले छोटे स्पीकर, एकीकडून आखातातला आवाज तर दुसरीकडून बडोद्याचा. बोलण्याइतकंच कुकरच्या शिट्टीला, बटण दाबल्याच्या खटक्याला, फितीच्या खरखरीला महत्त्व. जिथे उत्तराची कॅसेट हरवली आहे, तिथे तेवढी मिनिटं तो स्पीकर गप्प राहील. “यात गाणं कुठे आहे?” असं एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं. ज्या गावात १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा उभी राहिली, त्या गावाला कान देऊन ऐकायला शिकवावं लागू नये, असं माझं नम्र मत आहे. (ते सभासद आता रोज येऊन लेबलं लिहितात.)

इथवर आलो ते ज्यांच्यामुळे, त्यांचं ऋण मानलंच पाहिजे. रावपुऱ्यातल्या भजनी मंडळाच्या भगिनींनी भिशीची एक अख्खी पाळी आपल्याला दिली आणि वर पावती घ्यायलाही कुणी आलं नाही. रिफायनरीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी स्वतःचा जुना कॅसेट डेक दिला, नुसता दिला नाही, त्याचे रबरी पट्टे बदलले, हेडचा कोन जुळवला, आणि आज ऐंशीच्या घरात असूनही तेच डेकपाशी बसतात. मांडवीच्या फरसाणवाल्यांनी डबे दिले, तेही धुऊन. पेटीवाले गुरुजी नेहमीप्रमाणे “नाव छापू नका” म्हणाले, म्हणून छापत नाही, पण त्यांच्या देणगीशिवाय पहिलं कपाट आलं नसतं. जुन्या वाड्यांच्या फोटोंचं प्रदर्शन असो की २०१९ च्या पुरातलं जेवणघर, हीच मंडळी पुढे होती. मंडळ त्यांचंच आहे.

आता थोडं कडू. गेल्या वर्षी फलकावर नोटीस लावली, नाटकाच्या मध्यंतरात माइकवरून सांगितलं. बटाटेवडे संपले, कॅसेटींसाठी ठेवलेला खोका रिकामाच राहिला. परगावची मंडळी डिसेंबरात येतात, उंधियू खातात, “काय सुंदर कल्पना आहे” म्हणतात आणि परत जातात. एका सभासदांनी तर पोतंभर कॅसेटी भंगारात घातल्याचं आम्हालाच हसत सांगितलं. राग नाही, पण वाईट वाटलं हे लपवत नाही.

कॅसेटींवर घरगुती गोष्टी असतात, कर्जं, भांडणं, आजारपणं, याची आम्हाला जाणीव आहे. घरच्यांनी ऐकून लेखी परवानगी दिल्याशिवाय एक वाक्यही बाहेर जाणार नाही. नको असलेला भाग वगळू. मूळ कॅसेट आणि तिची डिजिटल प्रत दोन्ही तुम्हाला परत मिळतील.

तपशील : एकूण अंदाजे खर्च रु. २,४०,०००, जमा रु. ८५,०००. एका कॅसेटचा खर्च रु. ३५० (तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो, घाई चालत नाही), झोपाळ्यासह एका जागेची मांडणी रु. २०,०००. चेक मंडळाच्या नावे, रोख दिल्यास पावती मागून घ्यावी, ८०जीची (देणगीवरच्या आयकर सवलतीची) सोय सध्या नाही. चालू स्थितीतले टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र असलेले), हेडफोन, लाकडी झोपाळे वापरायला दिलेत तरी चालतील. आठवड्यातून दोन संध्याकाळी लेबलं लिहायला, ऐकून टिपणं काढायला तरुण मंडळी हवीत, गुजराती समजत असेल तर उत्तम. कॅसेट आणण्यापूर्वी घरच्या टेपवर लावून पाहू नका, फीत अडकून तुटते. भिजलेली असेल तर उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका, तशीच आणा. कुणी, कुणाला, साधारण कधी पाठवली एवढं चिठ्ठीवर लिहा. रथयात्रेच्या आत आणल्यात तर पावसाआधी कपाटात जातील. मंडळाचं कार्यालय संध्याकाळी ६ ते ८, सोमवारी बंद. जिना चढणं जमत नसेल तर शेजाऱ्यांकडून निरोप द्या, आम्ही घरी येऊन नेऊ.

आपला,
सचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)