खोली ठरली आहे, आई

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

एकाच घरात राहून पत्र कसलं लिहायचं, असं बाबा म्हणतीलच. पण समोरासमोर बोलायला बसलं की काय होतं ते आपल्या तिघांनाही माहीत आहे. दोन वाक्यांत आईचे डोळे भरतात, मला पुढचं वाक्य सापडत नाही, मग बाबा म्हणतात, "राहू दे, उद्या बोलू." तो उद्या काही उजाडत नाही. म्हणून हे चष्म्याच्या डबीखाली ठेवून ऑफिसला जातेय. संध्याकाळपर्यंत दोनदा वाचा. पहिल्यांदा राग येईल, तो येऊ दे.

तर, खोली ठरली आहे. करार झालाय, पुढच्या महिन्यात सामान हलवणार. आधी विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसता, नुसते गप्प झाला असता. तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ लावत बसले की मला दुसरं काही सुचत नाही.

मी रागावून जात नाहीये. दादाच्या लग्नातल्या त्या प्रकारामुळे नाही आणि काकूमुळे तर मुळीच नाही. आपल्या घरात काही वाईट आहे असंही नाही. टीव्ही, मिक्सर, बाबांचा स्पीकरवरचा फोन, हे सगळं एकदम चालू असलं तरी तुमचे कान त्यातलं हवं तेवढं घेतात. माझे कान सगळंच घेतात. ऑफिसात दिवसभर चारचौघींसारखं वागून दाखवण्यात जीव मेटाकुटीला येतो, आणि घरी आल्यावर मला थोडा वेळ कुणीच नको असतं, तुम्हीसुद्धा. हे लिहिताना हात अडखळला. पण मी दार लावून घेतलं की तुम्ही दोघं बाहेर हळू आवाजात बोलता, आणि तेही मला ऐकू येतं.

मला ऑटिझम आहे, म्हणजे माझा मेंदू जन्मापासूनच वेगळ्या तऱ्हेने चालतो, असा रिपोर्ट आला तेव्हा बाबांनी पाकीट कपाटात ठेवून कुलूप लावलं. तुम्हाला धक्का बसला होता. मला बसला नाही, कारण डॉक्टरांच्या बऱ्याच आधी मला ते पुस्तकांनी सांगितलं होतं.

पोरगी पुस्तकात तोंड खुपसून बसते म्हणून एकटी पडते, असं तुम्हाला वाटायचं ना? होतं नेमकं उलटं. पुस्तकातलं माणूस बोललं की शेजारीच छापलेलं असतं, 'तो चिडून म्हणाला', 'ती हसू दाबत म्हणाली'. वर्गातल्या मुली बोलायच्या तेव्हा शेजारी काहीच लिहिलेलं नसायचं. बाबा, ती निळी वही तुम्हाला शुद्धलेखनाची वाटायची. तिच्यात मी गोष्टींमधून अशी वाक्यं उतरवून काढत होते. कोण कशाला चिडतं, चिडलं की नक्की काय म्हणतं, आणि खरं काय म्हणायचं असतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते वापरून बघायचं. कधी जमायचं, बहुतेकदा फजिती व्हायची. पण पुस्तक त्यावरून चिडवत नसे आणि 'माझ्याकडे बघून बोल' असंही म्हणत नसे.

आणि "तेच तेच काय वाचतेस?" याचं उत्तर आज देते. त्यात पुढे काय होणार ते मला ठाऊक असायचं. शाळेत पुढच्या पाच मिनिटांत काय होईल याचा भरवसा नव्हता. त्या पुस्तकात कितीही वेळा गेलं तरी मांजर त्याच पानावर हरवायचं आणि त्याच पानावर सापडायचं.

मोठेपणी टेंपल ग्रँडिनचं 1986 सालचं आत्मचरित्र हाती लागलं. ही बाई पशुविज्ञानातली शास्त्रज्ञ आहे, ऑटिस्टिक आहे. लहानपणी तिला कुणी मिठी मारली की सहन व्हायचं नाही, पण अंगावर घट्ट दाब मात्र हवाहवासा वाटायचा. गुरांना लस देताना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा सापळा तिने पाहिला, आणि अठराव्या वर्षी तसाच एक स्वतःसाठी बनवला. वाचता वाचता मला आपल्या दोन गाद्यांच्या मधली फट आठवली. आई, तू जवळ घ्यायला आलीस की मी अंग आक्रसून घ्यायचे आणि थोड्या वेळाने त्या फटीत जाऊन पडायचे. तुला किती लागत असेल. पण ते तुला दूर लोटणं नव्हतं गं. माझ्यासारखं दुसरं कुणीतरी जगात आहे, मोठं होऊन नीट जगतंय, लिहितंय, हे पहिल्यांदा त्या पानांवर दिसलं. माझ्यात काहीतरी बिघडलंय असं धरून चालायची सवय तिथून सुटायला लागली.

आता आईसाठी. 'आई ऑफिसला जाते म्हणून पोरगी अशी झाली', काकूच्या या वाक्यानंतर तू नोकरी सोडलीस. कुणी तसं म्हटलं नाही तरी मला माहीत आहे. काकूने ते स्वतःच्या डोक्यातून काढलेलं नव्हतं, जुन्या काळच्या तज्ज्ञांनीच ते पसरवलं होतं. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी 1943 मध्ये अशा अकरा ऑटिस्टिक मुलांचं वर्णन केलं, त्यात आठ मुलगे होते आणि तीन मुली. त्यांच्या आईवडिलांच्या अलिप्तपणाबद्दलही त्यांनी लिहिलं. पुढे 1967 साली ब्रुनो बेटलहाइम यांनी तर आख्खं पुस्तक लिहून दोष आयांच्या माथी मारला. पण त्याआधीच, 1964 मध्ये, बर्नार्ड रिमलंड यांनी हे शरीरातून, मेंदूतून येतं असं मांडलं होतं. ते मानसशास्त्रज्ञ होते, आणि स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील. कॅनर यांनी 1969 मध्ये पालकांच्या सभेत आईवडिलांना जाहीरपणे दोषमुक्त केलं, आणि 1977 च्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासात आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसला. तू ऑफिसला गेलीस म्हणून मी अशी झाले नाही. तू घरी बसलीस म्हणून वेगळी झालेही नसते. तू काय केलंस सांगू? फ्रॉकच्या कॉलरमागचं लेबल ब्लेडने एकेक टाका उसवून काढायचीस, धागाही राहू द्यायची नाहीस, आणि मोजे उलटे करून घालायचीस, म्हणजे शिवण बोटांना टोचू नये. कुणी शिकवलं नव्हतं तुला. आजकालच्या पुस्तकांत हेच सल्ले छापून येतात.

बाबा, तुमच्यासाठी एकच लेख काढून ठेवलाय, मी मराठीत उतरवलाय. जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक लेखकाने तो 1993 मध्ये पालकांनाच उद्देशून लिहिला. त्याचं म्हणणं असं की मनात धरलेलं मूल मिळालं नाही याचं दुःख जरूर करा, पण ते समोरच्या मुलावर लादू नका. समोरचं मूल जिवंत आहे आणि तुमची वाट बघतंय. कडक आहे थोडा. तुम्हाला कडक लिहिलेलं आवडतं म्हणून देतेय.

खोलीची काळजी करू नका. खिडकी नीट बंद होते, रस्ता मागच्या बाजूला आहे, वर कुणी राहत नाही. मिणमिणणारी ट्यूबलाइट काढून पिवळा दिवा लावून घेतला. पाणी चोवीस तास. वाचनालय चालत जाण्याइतकं जवळ, तिथल्या बाईंना मी कोपऱ्यातल्या टेबलाची म्हणून माहीत आहे. जड पांघरूण घेतलंय, म्हणजे गाद्या तुमच्याकडेच राहू देत. जेवण वेळेवर करीन, मोबाइलमध्ये गजर लावलाय. रोज रात्री मेसेज करीन, आणि रविवारी येईन, दर रविवारी. आजारी पडले तर लपवणार नाही. हे शपथेवर.

आता माझं ऐका. आईने स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही, रविवारी मी काढीन. गुडघ्याचा एक्स-रे या आठवड्यात झालाच पाहिजे. बाबांनी बीपीची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवायची नाही. रात्री गाडी चालवणं बंद. बाथरूममध्ये धरायचा दांडा बसवायला माणूस शनिवारी येणार आहे, त्याला परत पाठवू नका. फोनवर येणारे ऑटिझमचे रामबाण उपाय मला पुढे पाठवू नका, मी काही घेणार नाहीये. आणि ते पाकीट कपाटातून काढून ठेवा. ऑफिसात शांत जागेसाठी अर्ज केलाय, त्याला जोडायचं आहे. हो, तिथे सांगून टाकलंय. नातेवाइकांत कुणी विचारलं तर तुम्हीही सांगा, किंवा नका सांगू, ते तुमच्या सवडीने होऊ दे. मी मात्र लपवणार नाही.

तुमची,
मनी

ता. क. खोली बघायला नक्की या, पण आदल्या दिवशी मेसेज करा. बेल वाजवू नका, दारावर दोन टकटक पुरे. बसायला खुर्च्या दोन आहेत. मी पलंगावर बसेन.