ऑक्टोबरात येतेस तर चार्ल्सटन पायी बघू

प्रिय वृंदा,

तुझं तिकीट झालं हे कळल्यापासून आमच्याकडे तुझ्याच नावाचा जप चालू आहे. आमच्या शार्लटहून जवळपास काय काय बघता येईल असं तू विचारलं होतंस ना, तर बाकीचं सगळं आल्यावर ठरवू पण एक गोष्ट आत्ताच पक्की करून टाक, चार्ल्सटन. साऊथ कॅरोलिनामधलं जुनं बंदर, आमच्या घरून गाडीने साधारण साडेतीन तास. आम्ही मध्यंतरी जाऊन आलो आणि तिथे जी वॉकिंग टूर घेतली ती अजून डोक्यातून जात नाहीये, आणि तू शाळेत इतिहास शिकवतेस म्हणजे तुला हे सविस्तर सांगायलाच हवं.

आधी गाव कसं आहे ते. अ‍ॅशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधे निमुळती होत गेलेली जमीन आणि टोकाला समुद्र. इंग्रजांनी १६७० मध्ये वसाहत केली, दहा वर्षांनी ती आत्ताच्या जागी हलवली, आणि मग भात आणि निळीच्या पैशावर हे गाव इतकं श्रीमंत झालं की विचारू नकोस. निळीचं पुढे काय झालं ते तुझ्याच विषयातलं आहे, अमेरिका स्वतंत्र झाली, इंग्लंडचं गिऱ्हाईक तुटलं, आणि इंग्रजांनी नीळ आपल्या बंगालातून उचलायला सुरुवात केली. तिथल्या शेतकऱ्यांचे काय हाल झाले ते तू मुलांना दरवर्षी सांगतेसच.

आमचे गाईड म्हणजे साठीच्या पुढचे एक गृहस्थ, तिथल्याच गल्ला-गीची समाजातले, म्हणजे या किनाऱ्यावरच्या आफ्रिकन गुलामांचे वंशज. त्यांची स्वतःची बोली आहे, गवताच्या टोपल्या विणायची कला आहे, ती अजून जिवंत आहे. आवाज एकदम शांत. कुठेही नाटकीपणा नाही आणि तरी बारा-पंधरा माणसं एकही चुळबुळ न करता ऐकत होती, माझी लेक सुद्धा, जी एरवी मोबाईलमधून मान वर काढत नाही. सुरुवात झाली ब्रॉड स्ट्रीट आणि मीटिंग स्ट्रीटच्या चौकात, एका कोपऱ्यावर सेंट मायकल्स चर्चचा पांढराशुभ्र उंच मनोरा आणि समोर सिटी हॉल. याच सिटी हॉलमध्ये १९ जून २०१८ ला नगरपालिकेने गुलामगिरीतल्या आपल्या वाट्याबद्दल माफी मागणारा ठराव केला, ७ विरुद्ध ५ मतांनी. पाच जण विरोधात! २०१८ मध्ये! मी तिथे उभी राहून ते दोन आकडे बराच वेळ घोळवत होते.

घरं मात्र इतकी सुंदर आहेत ना वृंदा. घराची अरुंद बाजू रस्त्याकडे, जेमतेम एका खोलीएवढी, आणि बाजूने लांबच्या लांब व्हरांडा, त्याला ते पियाझा म्हणतात. रस्त्यावरचं दार उघडलं की घरात न जाता आपण व्हरांड्यातच शिरतो, समुद्रावरचा वारा आत यावा म्हणून सगळी रचना. काही भिंतींवर लोखंडी गोल चकत्या दिसतात, १८८६ च्या ३१ ऑगस्टला जबरदस्त भूकंप झाला होता, त्यानंतर कलत्या भिंती धरून ठेवायला आरपार सळ्या घातल्या त्यांची ती टोकं. ईस्ट बे स्ट्रीटवर रेनबो रो म्हणून तेरा रंगीत घरांची ओळ आहे, तिथे फोटोवाल्यांची ही गर्दी, आम्हीही काढले, छान आलेत.

पण गाईडनी आम्हाला थांबवलं ते एका साध्या विटांच्या भिंतीपाशी. म्हणाले जवळ या, हात लावून बघा. विटेत खळगे होते, छोटे छोटे, सलग तीन. बोटांचे ठसे. नदीकाठच्या वीटभट्ट्यांवर ओल्या विटा उलटायचं, उचलायचं काम गुलाम करायचे आणि त्यात लहान मुलंही असायची, वीट पुरती सुकायच्या आत उचलली की बोटं उमटायची आणि मग भाजल्यावर ती कायमची राहिली. माझ्या लेकीने आपली बोटं त्यात ठेवून बघितली, तर मावेनात. आठवीतली मुलगी गं ती. तिने हात काढून घेतला आणि मग पुढचा अख्खा रस्ता प्रत्येक भिंत जवळ जाऊन बघत होती. म्हणून मी सांगते हे गाव पायीच बघायचं, गाडीतून भिंत दिसते, वीट दिसत नाही.

तिथून चाल्मर्स स्ट्रीटला गेलो, गोट्यांचा रस्ता आहे, जहाजांचा तोल सांभाळायला तळाशी भरून आणलेले हे दगड. तिथे ओल्ड स्लेव्ह मार्ट आहे, आता म्युझियम. आधी माणसांचे लिलाव उघड्यावर, एक्स्चेंज नावाच्या जुन्या व्यापारी इमारतीबाहेर चालायचे, १८५६ मध्ये नगरपालिकेने रस्त्यावर बंदी घातली. धंदा बंद झाला नाही, भिंतीआड गेला एवढंच. अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकन गुलामांपैकी साधारण ४० टक्के या एका बंदरातून उतरले असं मानलं जातं. दुपारी चार्ल्सटन म्युझियममध्ये आम्ही बिल्ले बघितले, तांब्याचे, तळहातावर मावतील एवढे. मालकाने गुलामाला दुसऱ्याकडे भाड्याने कामाला लावायचं तर नगरपालिकेला फी भरून हा बिल्ला घ्यायचा, दर वर्षी नवा. त्यावर काय कोरलंय? गावाचं नाव, साल, नंबर, आणि 'नोकर', 'हमाल', 'कोळी' असं काम. माणसाचं नाव नाही. अशा बिल्ल्यांची इतकी पद्धतशीर व्यवस्था चार्ल्सटनचीच.

आणि भात! हे तुला फार आवडेल. गोऱ्या मळेवाल्यांना भातातलं काय कळत होतं गं, पश्चिम आफ्रिकेत सेनेगलपासून सिएरा लिओनपर्यंत शेकडो वर्षं भात पिकतोय, तिथून पकडून आणलेल्या लोकांना ते काम माहीत होतं आणि म्हणून त्यांना जास्त भाव दिला जायचा. नदीकाठचं जंगल तोडून, चिखलात उभं राहून, हाताने मैलोन् मैल बांध घातले त्यांनी. तुमच्याकडे खाजणाच्या बांधाला उघाडी असते तशी लाकडी दारं बसवलेली, भरतीच्या रेट्याने नदीचं गोडं पाणी वर चढलं की दार उघडून शेतात घ्यायचं आणि ओहोटीला सोडून द्यायचं. मलेरिया, साप, उन्हाळा, माणसं पटापट मरायची. ती दिमाखदार घरं या चिखलातून वर आलीत. तिथे चवळी घालून भात करतात, नवीन वर्षाच्या दिवशी हमखास, आपल्या घरचाच वाटतो, फक्त त्यात डुकराचं मांस असतं, तुला बिनमांसाचा शोधून देईन.

शेवटी आम्ही बॅटरीवर आलो, म्हणजे टोकाची समुद्राकाठची बाग. समोर लांबवर फोर्ट सम्टर दिसतो, १२ एप्रिल १८६१ ला त्यावर तोफा डागल्या आणि अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं, गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडची राज्यं विरुद्ध उत्तर. ते सगळ्याच टूरमध्ये सांगतात. आमच्या गाईडनी सांगितली रॉबर्ट स्मॉल्सची गोष्ट आणि ती मी तुला तिथेच उभी करून परत सांगणार आहे, पण राहवत नाही. स्मॉल्स गुलाम होता, वय २३, दक्षिणेच्या सैन्यासाठी काम करणाऱ्या 'प्लँटर' नावाच्या बोटीवर सुकाणू धरायचा. १२ मे १८६२ च्या रात्री गोरे अधिकारी मुक्कामाला किनाऱ्यावर गेले आणि याने सोबतच्या गुलाम खलाशांना घेऊन बोट हाकारली, वाटेत धक्क्यावर थांबून बायको-मुलांना घेतलं, कप्तानाची गवती हॅट डोक्यावर चढवली, त्याच्यासारखा उभा राहिला, आणि पहाटेच्या अंधारात फोर्ट सम्टरच्या तोफांसमोरून ठरलेल्या शिट्ट्या देत बोट बाहेर काढली. तोफांच्या टप्प्याबाहेर गेल्यावर पांढरी चादर फडकवून बोट उत्तरेच्या आरमाराच्या ताब्यात दिली. पुढे अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, निवडून गेला आणि ज्या मालकाच्या घरी गुलाम म्हणून जन्मला ते ब्युफर्टचं घर त्याने विकत घेतलं. मला तर तिथे उभं राहून काटा आला अंगावर.

डेन्मार्क व्हेसीबद्दलही बोलायचंय तुझ्याशी. गुलाम सुतार, १७९९ मध्ये लॉटरी लागली, ६०० डॉलर भरून स्वतःची सुटका केली पण बायको-मुलांची करता आली नाही. १८२२ मध्ये उठावाचा कट केला म्हणून त्याला आणि आणखी ३४ जणांना फाशी दिलं. तो ज्या मंडळीतला होता त्यांचंच आजचं चर्च म्हणजे मदर इमॅन्युएल, जिथे १७ जून २०१५ ला प्रार्थनेला बसलेल्या नऊ जणांना एका गोऱ्या वर्णद्वेष्ट्याने गोळ्या घातल्या. तिथे गेलो तेव्हा गाईड फार बोलले नाहीत, नऊ नावं सावकाश उच्चारली, बस.

घोडागाडीच्याही टूर असतात, एका सिग्नलला आमच्या शेजारी येऊन थांबली होती, तिच्यात झुंबरं, पडदे आणि कुठल्या घरात कोणाचं लग्न झालं एवढंच चाललं होतं. मला खरंच वाईट वाटलं, लोक इतक्या लांबून येतात, पैसे भरतात, आणि घर ज्यांनी बांधलं त्यांच्याबद्दल एक वाक्य ऐकायला मिळत नाही. म्हणून बुकिंग मी करणार, कृष्णवर्णीय इतिहासाची टूरच घ्यायची, जमलं तर याच गाईडची.

दुसऱ्या दिवशी गॅड्सडेन्स व्हार्फवरचं आफ्रिकन-अमेरिकन म्युझियम बघू, २०२३ मध्ये उघडलंय, जिथे जहाजं लागायची त्या जमिनीला टेकू नये म्हणून अख्खी इमारत खांबांवर उचललीय. मागच्या वेळी वेळच उरला नाही.

बूट चांगले आण, चपलांनी त्या गोट्यांवर पाय मुरगळतो. टोपी आणि छोटी छत्री पण. मोठ्या भरतीला काही रस्त्यांवर पाणी येतं, तेव्हा भरतीचं टाईमटेबल बघून दिवस ठरवू. भावाकडून नक्की कधी निघणार ती तारीख कळव म्हणजे मी लगेच टूर बुक करते, विकेंड असेल तर आधीच भरून जातात. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
मेधा